पंपाला किती?

आजचा विषय पत्रिकेवर 'व्यवसायासाठी प्रभावी सादरीकरण' असा छापलाय. असा विषय दिसला की ऐकणारा काय अपेक्षा घेऊन येतो ते आम्हाला ठाऊक आहे. हात खिशात घालू नका, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, एका स्लाइडवर सहाच ओळी ठेवा, सुरुवातीला एखादा विनोद सांगा. या सूचना चुकीच्या आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातले जितके मेळावे, सभा, बैठका आम्ही गेल्या काही वर्षांत मागच्या खुर्चीत बसून ऐकल्या, त्यांत वक्त्याचा हात खिशात होता म्हणून एकही सादरीकरण पडलेलं आम्ही पाहिलं नाही. पडली ती सगळी वेगळ्या कारणानं पडली. त्या कारणाबद्दल आज बोलायचंय, आणि जरा टीकेच्या सुरात बोलायचंय. आमच्या स्वतःच्या चुकाही त्यात येतील.

एका सभेपासून सुरुवात करतो. तालुक्याचं गाव, मंगल कार्यालय, ऑगस्ट महिना. कपाशीवरच्या एका कीटकनाशकाची माहिती आणि 'सुरक्षित फवारणी' असा दुहेरी कार्यक्रम. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी सभा तीच असते. वेळ अकराची, सुरुवात पावणेबाराला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग मान्यवरांचे दोन-दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. साडेबाराला मुख्य वक्ता उभा राहिला. शिकलेला मुलगा, तयारी चांगली, आवाज खणखणीत. बेचाळीस स्लाइड होत्या. पहिल्या नऊ कंपनीच्या: किती देशांत पसरली, किती शास्त्रज्ञ, किती पुरस्कार. मग औषधाच्या रेणूची रचना. मग प्रयोगांचे आलेख. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, "साहेब, थे सारं ठीक हाय. पंपाले किती टाकाचं थे सांगा."

वक्ता हसला. म्हणाला, "काका, ते पुढे येतंय स्लाइडवर. प्रश्न आपण शेवटी घेऊ."

पुढे ते आलं खरं. हेक्टरी इतके मिलिलिटर, पाणी ५०० लिटर, असं आलं. आणि शेवटी प्रश्न घ्यायचे राहिलेच, कारण मसालेभात थंड व्हायला लागला होता.

आता बघा, त्या स्लाइडवर खोटं काहीच नव्हतं. पण हेक्टर हा सातबाऱ्यावर असतो, शेतात एकर असतो. पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. औषध मोजायला बाटलीचं झाकण, तेही कंपनीगणिक लहान-मोठं. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. पाचशे लिटर पाणी म्हणजे पंधरा लिटरचे तेहेतीस पंप, म्हणजे एकराला तेरा-चौदा. मग एका पंपाला औषध किती? हा हिशेब त्या हॉलमधल्या दोनशे माणसांनी मनातल्या मनात करावा, तोही जेवायच्या वेळी, अशी अपेक्षा होती. व्यासपीठावरच्या एका माणसानं तो आदल्या रात्री एकदाच केला असता तर दोनशे जणांचं काम वाचलं असतं. शिवाय हातपंपाला पाणी वेगळं लागतं, पेट्रोलच्या पंपाला फार कमी. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं की गडबड होते. म्हणजे काकांचा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. अख्ख्या सभेतला तोच सगळ्यात तांत्रिक प्रश्न होता, आणि त्याला 'शेवटी घेऊ' असं सांगितलं गेलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? दुकानदार सांगेलच की. सांगतोच. पण हा यवतमाळ जिल्हा आहे. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाली, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या साली कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता, हवा दमट होती, बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. कारणं पुष्कळ होती, त्यावर चौकशाही झाल्या. सगळं खापर सादरीकरणावर फोडण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण त्यानंतर सुरक्षित फवारणीचे मेळावे गावोगाव सुरू झाले, आणि त्यांतले पुष्कळसे आम्ही ऐकले. म्हणून हे बोलायचा आम्हाला थोडा हक्क आहे असं वाटतं.

त्या मेळाव्यांतली पहिली गोष्ट अशी, की फवारणी करणारा माणूस तिथे नसतो. सकाळी अकरा वाजता फवारणी करणारा मजूर शेतात असतो, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात असतो. हॉलमध्ये असतो तो मालक, त्यातही ज्याला सभेला यायची फुरसत आहे तो. एवढी तयारी करून, स्लाइड रंगवून, माइक तपासून, ज्याच्या अंगावर औषध उडणार आहे तो सोडून बाकी सगळ्यांना माहिती दिली जाते. सभेची वेळ ठरवणं हा सादरीकरणाचाच भाग आहे, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं जातं? आम्ही तरी ऐकलं नाही. संध्याकाळी सातला, मजूर राहतात त्या वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर सभा घ्या. तिथे प्रोजेक्टर चालणार नाही कदाचित. नको चालू दे.

दुसरी गोष्ट भाषेची. 'शेतकरी बांधवांनो' म्हणून सुरुवात होते. बांधव बसलेत, ठीक. पण औषध कालवायला पाणी आणून देणारी, फवारलेल्या शेतात निंदायला जाणारी, फवारणीचे कपडे धुणारी बाई त्या हाकेत नाही. तिच्यासाठी एक वाक्यही नाही. कपडे वेगळे धुवा, लेकरांच्या कपड्यांत मिसळू नका, हे वाक्य तिला सांगायचं असतं.

मग ती स्लाइड येते, जिच्यात एक गोरापान माणूस पांढरा सूट, चष्मा, हातमोजे, बूट, मास्क घालून उभा असतो. सप्टेंबरच्या दमट उन्हात कपाशीच्या रानात तो सूट घालून कुणी अर्धा तास काढून दाखवावा. लोक हसतात. हसू आलं की वक्त्याला वाटतं सभा रंगली. खरं तर त्या क्षणी त्यानं सभा गमावलेली असते, कारण ऐकणाऱ्यानं ठरवलेलं असतं, की या माणसाला आपलं काम ठाऊक नाही, आता याचं बाकीचंही ऐकायचं कारण नाही. संरक्षक कपडे महत्त्वाचे आहेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण जे घालता येईल ते आधी सांगा: पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला घट्ट रुमाल, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. वारा बघा, वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नका. आणि एक गोष्ट जी कुठल्याच छापील स्लाइडवर आम्ही पाहिली नाही, ती म्हणजे खर्रा. आपल्याकडे फवारता फवारता खर्रा तोंडात टाकणारी माणसं किती आहेत ते तुम्ही आम्हाला सांगायला नको. औषधाचा हात तसाच तोंडात जातो. एकदा एका कृषी सहायकानं सभेत उभं राहून एवढंच विचारलं, "फवारताना खर्रा कोण कोण खाते?" कुणी हात वर केला नाही, पण सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. ते हसू वेगळं होतं. त्यानंतर त्याचं सगळं ऐकलं लोकांनी. त्यानं शेवटी सांगितलं, की डोळे चुरचुरले, मळमळलं, दरदरून घाम फुटला तर थांबा, अंगावरचे कपडे काढा, आंघोळ करा, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला कळेल कुठलं विष आहे ते. दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही डबे न्या. त्याच्याजवळ एकही स्लाइड नव्हती.

डब्यावरून आठवलं. डब्याच्या लेबलवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल असेल तर अतिविषारी, पिवळा असेल तर त्याहून कमी, मग निळा, मग हिरवा. ही माहिती जवळजवळ प्रत्येक मेळाव्यात सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा चुकीच्या रीतीनं कानात शिरते. शेतकऱ्याच्या लेखी हिरवा हा पिकाचा रंग. हिरवं म्हणजे चांगलं. वक्ता 'हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी' म्हणतो, ऐकणारा 'हिरवा म्हणजे बिनधोक' ऐकतो. यात ऐकणारा अडाणी ठरत नाही. आपला शब्द समोरच्याच्या डोक्यात जाऊन काय होतो, याची चौकशी वक्त्यानंच करायची असते. सांगून झाल्यावर हिरव्या खुणेचा डबा हातात धरायचा आणि विचारायचं, "हा उघड्या हातानं कालवाल का?" उत्तरं ऐका, मग कळेल काय पोचलं ते.

ही चूक फक्त आपल्याकडचीच असं समजू नका. कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या कोलंबियाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे त्याचं सादरीकरण केलं. एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटावं की काळजीचं फारसं कारण नाही. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, असं होतं की हा तुकडा आधीच्या चाचण्यांतल्या तुकड्याच्या सहाशेपट मोठा आहे. म्हणजे चाचण्यांचे निष्कर्ष इथे लागू पडतीलच असं नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकानं त्या एका स्लाइडची चिरफाड केली, आणि चौकशी मंडळानंही आपल्या अहवालात या सवयीवर बोट ठेवलं. नासातले श्रोते तर अडाणी नव्हते ना? तरीही तळाची ओळ वाचली गेली नाही.

मग माणसं असं का करतात? त्या खणखणीत आवाजाच्या मुलाला आम्ही जेवताना गाठलं. तो मोकळा बोलला. स्लाइड त्यानं केलेल्या नव्हत्याच. मुख्य कार्यालयातून इंग्रजीत आल्या, कुणीतरी मराठी केल्या. मागच्या गावी तर फॉन्ट उडाला आणि पडद्यावर मराठीच्या जागी नुसती चिन्हं आली, तरी त्यानं त्या दाखवल्या, कारण संपवायच्याच होत्या. त्याला सभेचे फोटो पाठवायचे असतात, मागे बॅनर दिसला पाहिजे, हजेरीवर सह्या पाहिजेत. पंपाला किती, हे त्याला तोंडपाठ होतं. आमटी वाढून घेता घेता त्यानं ते आम्हाला एका वाक्यात सांगितलं! पण व्यासपीठावर तो काकांशी बोलत नव्हता. तो फोटो बघणाऱ्या साहेबांशी बोलत होता. आम्हाला त्याचा राग आला नाही. नोकरी आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या सादरीकरणांचा खरा श्रोता हॉलमध्ये हजरच नसतो, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी आमटीच्या वाटीपाशी उमगली.

सरकारी बैठकांचं फार सांगत नाही, तुम्ही भोगलेलंच आहे. कापूस खरेदी सुरू व्हायच्या आधी एकदा ओलाव्याच्या निकषावर माहिती दिली जात होती. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, त्यापुढे नाही. चांगली स्लाइड होती. पण बसलेल्या माणसाला एवढंच हवं होतं, की भाड्याची गाडी भरून आणली आणि परत पाठवली तर भाडं अंगावर पडतं, तेव्हा घरी अंदाज कसा घ्यायचा. किती दिवस उन्हात टाकू? कुणी सांगितलं नाही.

आता आमची पाळी. आम्ही एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या, म्हणजे एफपीसीच्या संचालकांना सादरीकरण तयार करून दिलं होतं. जिनिंगमधून गाठी बांधून घ्यायच्या आणि सूतगिरणीला थेट विकायच्या, असा बेत. जिल्ह्याबाहेरच्या एका गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्यानं भेटीची वेळ दिली. आम्ही अठ्ठावीस स्लाइड केल्या. संस्थेची वाटचाल, उद्घाटनाचा फोटो, पाहुण्यांसोबतचा फोटो, सभासदसंख्या, 'आमचं स्वप्न'. मालाबद्दल एकच ओळ होती: 'उत्कृष्ट दर्जाचा लांब धाग्याचा कापूस'. आम्हाला ती ओळ आवडली होती, हे कबूल करतो.

अधिकाऱ्यानं सातव्या स्लाइडला विचारलं, "मायक्रोनेअर किती?"

संचालक आमच्याकडे बघू लागले, आम्ही लॅपटॉपकडे. मायक्रोनेअर म्हणजे धाग्याची जाडी आणि पक्वता सांगणारा आकडा, सूत कातणाऱ्याला तो आधी लागतो. मग त्यानं विचारलं, धागा किती मिलिमीटरचा, कचरा किती टक्के, एका लॉटमध्ये किती गाठी, सगळ्या गाठी एकसारख्या असतील का, प्लॅस्टिकचे दोरे निघणार नाहीत याची काय खात्री. आम्ही म्हणालो, कळवतो. त्यानं चहा पाजला. तो चहा आम्ही विसरलेलो नाही.

म्हणजे आम्ही नेमकं तेच केलं होतं, जे त्या मंगल कार्यालयात पाहून नाक मुरडलं होतं. आमच्या स्लाइड गिरणीसाठी नव्हत्याच. त्या वार्षिक सभेसाठी होत्या, सभासदांना बरं वाटावं म्हणून. तिथे त्या शोभल्याही असत्या.

पुढच्या हंगामात त्याच कंपनीतल्या एक ताई गेल्या. संचालक मंडळावर त्या नव्या होत्या, बोलायला बिचकायच्या. त्यांनी आम्हाला विचारलं, "भाषण करू नको, तर काय करू?" आम्ही म्हणालो, त्यानं मागच्या वेळी जे पाच प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं घेऊन जा. त्यांनी प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल नेला आणि दोन पिशव्यांत रुई नेली, एक पहिल्या वेचणीची, एक तिसऱ्या. टेबलावर दोन्ही ठेवल्या. म्हणाल्या, शंभर गाठींचा लॉट देतो. एक गाठ १७० किलोची, म्हणजे सतरा टन रुई. उतारा ३४ टक्के धरला तर पाचशे क्विंटल कापूस लागेल. एकरी सहा-सात क्विंटलनं तो पंच्याहत्तर-ऐंशी एकरांचा झाला. ही त्या शेतकऱ्यांची यादी. सगळ्यांचं बियाणं एक. वेचायला बायांना सुती कापडाच्या झोळ्या दिल्यात, खताची पोती बंद केलीत. आणि तिसऱ्या वेचणीचा हा जो माल आहे, तो यात घालणार नाही, तो वेगळा विकू.

शेवटचं वाक्य आम्ही त्यांना शिकवलं नव्हतं. आम्ही असतो तर म्हणालो असतो, कमी दर्जाचा माल दाखवायचा कशाला? पण खरेदी अधिकाऱ्यानं हात घातला तो आधी त्याच पिशवीत. बघितलं, चोळलं, मग पहिल्या वेचणीची उचलली. दहा-बारा मिनिटांत बोलणं संपलं. भाव त्यानं पाडलाच, तो पाडणारच. पण लॉट घेतला.

बँकेचं थोडक्यात सांगतो. बँकेला वाढीचा आलेख दाखवतात, पाच वर्षांनी उलाढाल कुठे जाईल तो. व्यवस्थापकाला पाच वर्षं नको असतात. त्याला हवा असतो महिना. कापूस दिवाळीनंतर विकायला लागतो, मग हप्ता कधी, आणि दर पडला तर कशातून? हे एका कागदावर बसतं.

कुणी म्हणेल, सगळे प्रश्न आधी कसे कळणार? गाडगेबाबांची रीत आठवा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलेच ते. गावात गेले की दिवसा खराटा घेऊन गल्ल्या झाडायचे आणि रात्री कीर्तन. झाडलोट ही सेवा होतीच, पण आमच्या व्यवसायाच्या नजरेनं बघा: संध्याकाळपर्यंत त्या माणसाला गावातली प्रत्येक गटार, प्रत्येक ओटा माहीत झालेला असायचा. आणि कीर्तनात ते प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तर काढायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. शेवटी प्रश्न घेऊ, ही भानगडच नाही. १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. मिळालं तर ऐका, आणि बोलण्याच्या मध्ये लोकांचा आवाज किती वेळा येतो तेवढं मोजा.

फक्त एक करू नका. त्यांची बोली ऐकून बाहेरचा वक्ता मुद्दाम वऱ्हाडी बोलायला लागतो, 'काऊन बे' म्हणून टाळ्या घेतो. ज्याची ती भाषा आहे त्याला कळतं, की आपली नक्कल चाललीय. तुमची जी मराठी आहे ती बोला. पुणेरी असली तरी चालेल. हेक्टरचा एकर तेवढा करा.

आम्हाला पाऊण तास दिला होता, त्यातली चाळीस मिनिटं झाली. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी प्रश्न लिहून पाठवले असतील तर ते आधी इथे वाचा. आणि तो माइक जरा शेवटच्या रांगेत द्या. ते दाराजवळचे दादा मघापासून दोनदा हात वर करून खाली घेताहेत. हो, तुम्हीच. बोला.